दुखत नाही म्हणजे आजार नाही, असं थोडंच आहे? शहरातलं बीपी, शुगर आणि वाढलेलं पोट

वलीम्याच्या दावतीत हे दृश्य कुणी पाहिलं नसेल असं होणार नाही. पन्नाशीतले एक मामू चहावाल्याला बजावून सांगतात, "बेटा, मला बिनसाखरेचा, शुगर आहे." बिर्याणीची दुसरी प्लेट मात्र तोवर संपलेली असते आणि ताटलीत दोन गुलाबजाम वाट पाहत असतात. टेबलावरचे सगळे हसतात, मामूही हसतात. "एका दिवसानं काय होतंय?" असं कुणीतरी म्हणतं. खरं तर एका दिवसानं फारसं काही होतही नाही. पण आठवड्यात एक निकाह, एक अकीका, शुक्रवारची घरची बिर्याणी, रोज रात्री अकराचं जेवण आणि दिवसाला सहा कप चहा, असं चालत राहिलं की तो 'एक दिवस' कधी संपतच नाही.

उच्च रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा हे तिन्ही आजार सुरुवातीला दुखत नाहीत. ताप येत नाही, माणूस कामावर जातो, म्हणून घरात कुणाला चिंता वाटत नाही. जेव्हा कळतं तेव्हा कधी अर्धांगवायूचा झटका आलेला असतो, कधी पायाची जखम महिनाभर भरत नसते, तर कधी डॉक्टर डायलिसिसबद्दल बोलू लागतात. कमावता माणूस पंचेचाळिशीत अंथरुणाला खिळला की आजारी तो एकटा राहत नाही, सगळं घर आजारी पडतं. म्हणून या तिघांची साधी, नेमकी माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मदतीने देशभर एक मोठी पाहणी झाली. 2008 ते 2020 या काळात सर्व राज्यांतल्या 20 वर्षांवरील 1 लाख 13 हजारांहून अधिक लोकांची तपासणी करण्यात आली आणि 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आणि 31 कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज त्यातून पुढे आला. आणखी सुमारे 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे त्यांची शुगर नेहमीपेक्षा जास्त आहे, पण अजून मधुमेह म्हणण्याइतकी नाही.

शहर आणि गाव यांतला फरक असा:

- मधुमेह: शहरात 16.4 टक्के, ग्रामीण भागात 8.9 टक्के
- उच्च रक्तदाब: शहरात 40.7 टक्के, ग्रामीण भागात 33 टक्के
- पोटाचा लठ्ठपणा: शहरात 51.8 टक्के, ग्रामीण भागात 33.5 टक्के

साध्या भाषेत सांगायचं तर शहरातल्या दर सहा प्रौढांत एकाला मधुमेह, दहात चौघांना बीपी आणि अर्ध्याहून जास्त लोकांचं पोट सुटलेलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण मात्र शहरात आणि गावात जवळजवळ सारखंच आहे. म्हणजे गावही त्याच वाटेवर आहे, शहर फक्त पुढे गेलंय.

तीन आजार, एकच घर

हे तिघे वेगवेगळे पाहुणे नाहीत, एकाच घरातले भाऊ आहेत. पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठू लागली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींत पोहोचवण्याचं. ते नीट झालं नाही की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन तयार करतं. काही वर्षं असं रेटून नेतं, मग थकतं आणि शुगर वाढते. जास्त वजनामुळे हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, शरीर मीठ धरून ठेवतं, रक्तवाहिन्या कडक होतात आणि बीपी वाढतं.

पुढे शुगर आणि बीपी दोघं मिळून मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, हृदय आणि मेंदू यांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. म्हणूनच ज्याला शुगर निघाली त्यानं बीपी तपासलंच पाहिजे आणि ज्याला बीपी निघालं त्यानं शुगर.

"मी तर बारीक आहे" हा गैरसमज

"शुगर जाड्या माणसाला होते" असं अनेकांना वाटतं. याबद्दलचं एक प्रसिद्ध उदाहरण पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि मोजमापं छापली. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला दोघंही सडपातळ, पण आतला हिशेब वेगळा.

आपल्याकडच्या लोकांचे हातपाय बारीक आणि पोट पुढे, स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी ठेवण मोठ्या प्रमाणावर दिसते. त्यामुळे भारतीयांसाठी मोजमापाच्या रेषा युरोपीय लोकांपेक्षा खाली आखल्या आहेत. बीएमआय 23 झाला की वजन जास्त आणि 25 झाला की लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर, याच्यापुढे गेला की धोका सुरू. ही टेप शिंप्याकडे असते, घरच्या शिलाई मशीनच्या खणातही असते. मोजताना पोट आत ओढू नका, एवढंच.

शहरात असं काय आहे?

शहर वाईट असतं असं नाही, पण शहरात शरीराला हलायला कारण उरत नाही. मुंब्रा असो, भिवंडी, मालेगाव की पुण्याचा कॅम्प, घर लहान, गल्ली अरुंद आणि मैदान असेल तर त्यावर गाड्या उभ्या. दहा मिनिटांच्या अंतरासाठीही बाइक काढली जाते. दुकानदार बारा तास गल्ल्यावर बसतो, रिक्षावाला सीटवर आणि कॉल सेंटरमधला मुलगा खुर्चीवर. यंत्रमागावर काम करणारा उभा असतो खरा, पण बारा तासांच्या पाळीत आणि रात्रपाळीत त्याची झोप मोडते. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, बीपी वाढतं आणि शुगरही बिघडते. जोडीला तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट असेल तर हृदयाचा धोका आणखी वाढतो.

घरातल्या बायकांचं वेगळंच आहे. दिवसभर राबतात, म्हणून "मला व्यायामाची काय गरज?" असं त्यांना वाटतं. पण लहान खोलीत ओट्यापासून दारापर्यंतच्या फेऱ्यांनी दम लागत नाही आणि बाहेर चालायला जागा किंवा सोबत मिळत नाही. शिवाय सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं संपवायचं, "अन्न टाकायचं नाही" म्हणून पोट भरलेलं असताना चार घास जास्त. गरोदरपणात शुगर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाळंतपणानंतर तिची शुगर पुन्हा तपासायची असते, आणि तेच नेमकं राहून जातं.

काय मोजायचं आणि आकडा किती?

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा बीपी, शुगर आणि कमरेचा घेर मोजून घ्यावा. आईवडिलांना किंवा भावंडांना शुगर असेल, पोट सुटलेलं असेल तर तिशीची वाट पाहू नये.

- बीपी: 140/90 किंवा त्याहून जास्त, तेही वेगवेगळ्या दिवशी मोजून, तर उच्च रक्तदाब. घरी मोजत असाल तर रेषा 135/85.
- उपाशीपोटी शुगर: 100 पेक्षा कमी ठीक, 100 ते 125 उंबरठा, 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या चाचणीत: 200 किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी): 5.7 ते 6.4 उंबरठा, 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

त्रास काहीच होत नसेल तर एकाच चाचणीवर शिक्का मारू नये, डॉक्टर ती पुन्हा करून खात्री करतात. बीपी मोजतानाही घाई नको. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर आणि तोंड बंद. जिना चढून आल्या आल्या मोजलेलं बीपी खरं सांगत नाही.

तपासणीसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. 30 वर्षांवरील लोकांची बीपी आणि शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. महापालिकेचा दवाखाना, आरोग्य केंद्र किंवा जवळचा 'आपला दवाखाना' इथे विचारा. या आजारांच्या नेहमीच्या गोळ्याही तिथे मिळतात.

"बरं वाटतंय, मग गोळी कशाला?"

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. गोळी सुरू केली, बीपी 130 वर आलं, माणूस खूश झाला आणि त्यानं गोळी बंद केली. बीपी गोळीमुळे खाली होतं, हे लक्षातच येत नाही. छत्री धरल्यामुळे आपण कोरडे राहिलो, म्हणून भर पावसात छत्री मिटण्यासारखंच हे.

"एकदा गोळी लागली की आयुष्यभर सुटत नाही" ही भीतीही घराघरांत आहे. वजन उतरवून, खाणं सुधारून काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या बंदही होतात. पण ते डॉक्टरनं ठरवायचं, शेजाऱ्यानं नाही. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड घ्यायला हरकत नाही, पण गोळीच्या जागी नाही. आणि जे घेता ते डॉक्टरपासून लपवू नका. दुसऱ्याची गोळी तर कधीच घेऊ नका. अब्बांना मानवली ती मुलाला मानवेलच असं नाही.

ताटात काय बदलायचं?

घरातल्या एका आजारी माणसाला वेगळी उकडलेली भाजी आणि बाकीच्यांना कोरमा, हे चार दिवसही टिकत नाही. बदल सगळ्या घराचा असावा आणि लहान असावा.

आधी चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दहा चमचे, 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढ माणसासाठी सांगितलेली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा साधारण 50 ग्रॅम, आणि 25 ग्रॅमवर आणली तर जास्त चांगलं. म्हणजे मिठाई, शरबत, बिस्किटं यांच्या आधीच नुसत्या चहात कोटा संपला. महिन्याला अर्धा चमचा कमी करत गेलं तर जिभेला कळतही नाही.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. लोणचं, पापड, फरसाण, सुकट, बाजारची चटणी यांतलं मीठ दिसत नाही, पण मोजलं जातं. दस्तरख्वानावरची मिठाची वाटी उचलून ठेवली तरी सुरुवात झाली.

बिर्याणी बंद करायची गरज नाही. प्लेट लहान घ्या, आधी कोशिंबीर खा, भात कमी आणि बोटी तेवढीच, वरची तर्री बाजूला. नान, पाव, खारी हे मैद्याचे प्रकार रोजचे नकोत. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, हिरवी भाजी, अंडी, मासळी आपल्याच स्वयंपाकघरातली आहेत, कुठून आणायची नाहीत. मध आणि खजूर यांचा आपल्याकडे मान मोठा आहे, पण मधुमेहाच्या रुग्णात त्यांची साखरही शुगर वाढवतेच. त्यामुळे प्रमाण पाळायलाच हवं.

आणि चालणं. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायामाच्या हिशेबात धरू नये. पण फज्रला मशिदीत पायी जाणं आणि परतताना दोन गल्ल्यांचा फेरा मारून येणं सहज जमतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या अभ्यासात (2006) नुसतं खाणं-चालणं सुधारल्यानं तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, ते असं.

रमजान आणि रोजा

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी उशिरा विचारला जातो. 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची एक पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास 79 टक्के लोकांनी निम्म्याहून जास्त रोजे ठेवले होते. त्याच वेळी शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकार त्यांच्यात रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढल्याचं दिसलं. म्हणजे लोक रोजे ठेवणारच, प्रश्न आहे तो तयारीचा.

तयारी रमजानच्या दीड-दोन महिने आधी करायची. गोळ्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टर बदलून देतात. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला धोका कमी असतो. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांची शुगर अचानक उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या किंवा बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी होण्याचीही भीती. यातलं काहीही मनानं बदलू नये.

डायलिसिसवर असलेले, नुकतीच शुगर उतरून बेशुद्ध झालेले, शुगर अजिबात ताब्यात नसलेले टाइप 1 चे रुग्ण आणि इन्सुलिनवर असलेल्या गरोदर स्त्रिया यांना डॉक्टर सहसा रोजा ठेवू नका असंच सांगतात. अशांनी मनाला लावून घेऊ नये. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला स्पष्ट सवलत आहे. कजा आणि फिदया यांबद्दल आलिमांना विचारावं, रोजा झेपेल का हे डॉक्टरांना.

रोजा ठेवणाऱ्यांनी इतकं पाळावं. सहरी टाळू नये आणि शक्य तितकी उशिरा करावी. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी, मग थोडं थांबून जेवण. भजी, समोसे, लाल शरबत हे रोजचं नाही. बोटाला टोचून शुगर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात, म्हणून रोजाच्या दिवसातही तपासावी. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं, तर त्याच क्षणी रोजा सोडावा. "मगरिबला तासच राहिलाय" म्हणून थांबू नये. त्या एका तासात माणूस हातचा जाऊ शकतो.

घरात सगळ्यांना माहीत हवं असं

- शुगर उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.
- तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोबडी वळणं हा अर्धांगवायू. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेल चोळत बसू नका, 108 ला फोन करा.
- छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. शुगरच्या रुग्णाला छातीत न दुखता नुसता दम लागूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. 'गॅस' समजून झोपू नका.
- शुगर असलेल्यानं रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत. वुजू करताना बोटांच्या मधल्या जागा पाहायची सवय लावली तर वेगळा वेळही लागत नाही. वुजूनंतर बोटांमधलं पाणी पुसून घ्या आणि अनवाणी फिरू नका.
- डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तपासा.

परत त्या दावतीत जाऊ. मामूंचं हसणं तसंच राहावं, दावतीही होत राहाव्यात. पण पुढच्या वेळी "एका दिवसानं काय होतंय?" असं म्हणण्याआधी कुणीतरी एवढं तरी विचारावं, "मामू, शेवटची शुगर कधी तपासली होती?" उत्तर आठवत नसेल तर गुलाबजाम खाली ठेवून उद्या सकाळी, उपाशीपोटी, दोघांनीही मिळून जावं. सोबत गेलेल्यानं स्वतःचीही तपासून घ्यावी.